केसपेपरवर ‘बॉर्डरलाइन’ लिहिल्यापासून रुग्णालयातील वागणूक बदलली आहे. बहिणीला दाखल करावे का?

प्रश्न : मोठी बहीण, थाटीपूर (ग्वाल्हेर)

नमस्कार. माझी धाकटी बहीण 24 वर्षांची आहे आणि गेल्या दीड वर्षात तिने तीन वेळा स्वतःला इजा करून घेतली आहे. पहिल्या वेळी आम्ही शहरातील ज्या रुग्णालयात तिला नेले, तेथील कॅज्युअल्टीतील सर्वांनी तिला फार मायेने वागवले. नंतर मनोविकारतज्ज्ञांनी तिच्या केसपेपरवर ‘बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार’ (भावना आणि नाती सावरणे कठीण करणारा मानसिक आजार) असे निदान लिहिले. गेल्या महिन्यात तिसऱ्या वेळी त्याच कॅज्युअल्टीत गेलो, तेव्हा ड्यूटीवरील डॉक्टरांनी जुना कागद वाचला, तो सिस्टरकडे सरकवला आणि बहिणीच्या समोरच म्हणाले, ‘इनका तो यही चलता है.’ टाके घालण्यासाठी तिला तीन तास बाकावर बसवून ठेवले. तिला दाखल करून घ्या अशी विनंती मी केली, तर अशा रुग्णांना वॉर्डात ठेवले की त्यांना त्याची सवय लागते, असे सांगून रात्री दीड वाजता आम्हाला घरी पाठवले.

घरची परिस्थिती वेगळी सांगायला नको. आई म्हणते की मुलगी लाडाने बिघडली. वडिलांना चिंता आहे ती स्थळांची. मावशीने तर तिला सरळ आरोग्यशाळेत, म्हणजे ग्वाल्हेरच्या मनोरुग्णालयात, ठेवा असे सुचवले. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत वाढलेल्यांना हे ठाऊक असेल की आपल्याकडे लहान मुलांना दटावतानाही हाच शब्द वापरला जात असे, त्यामुळे बहिणीने तो ऐकल्यावर दोन दिवस कोणाशीही बोलणे टाकले होते.

दाखल केल्याने खरोखरच नुकसान होते का, आणि पुढच्या वेळी गरज पडली तर जुना केसपेपर न दाखवणे योग्य ठरेल का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : एक वडील, लष्कर (ग्वाल्हेर)

आपण विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनुभवावरून देतो. आमच्या मुलाच्या बाबतीत आम्ही कागद दाखवणे बंद केले आणि वागणूक लगेच सुधारली. तपासणाऱ्याला निदान कळले नाही, तर तो रुग्णाकडे माणूस म्हणून पाहतो. हे तत्त्वाला धरून नाही हे मला मान्य आहे, परंतु रात्री दोन वाजता मुलगा रक्तबंबाळ असताना तत्त्व कोणी पाहत नाही. मुलीचे लग्न व्हायचे असेल तर तो कागद घरातही कपाटात बंद ठेवा, असे मी म्हणेन.

उत्तर : निवृत्त परिचारिका, ग्वाल्हेर

ताई, मी मनोरुग्ण विभागात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून आधी आमच्या बाजूची कबुली देते. वॉर्डात एखाद्या रुग्णाच्या नावापुढे हे निदान आले की ड्यूटी बदलताना आम्ही एकमेकींना ‘सांभाळून, ही खेळवते’ असे सांगत असू. तिने रडून बोलावले तर नाटक, आणि गप्प बसली तर रुसवा. हे केवळ आपल्याकडे घडते असेही नाही. 1988 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्रीमध्ये लुईस आणि ॲपलबी यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात मनोविकारतज्ज्ञांना रुग्णांची लेखी वर्णने वाचायला दिली होती, आणि ज्या वर्णनात पूर्वीच्या व्यक्तिमत्त्व विकाराचा उल्लेख होता तो रुग्ण त्यांना अधिक त्रासदायक, लक्ष वेधून घेणारा आणि मदतीला कमी पात्र वाटला. म्हणजे एक शब्द पुढे आला की शिकलेल्या माणसाचीही नजर बदलते. आपल्या बहिणीच्या बाबतीत तेच घडले.

आपल्याकडे या शब्दाला आणखी एक ओझे चिकटते. क्षयाला आपण रोग म्हणतो, पण व्यक्तिमत्त्व म्हटले की ऐकणाऱ्याला ‘स्वभाव’ ऐकू येतो, आणि स्वभावाला औषध नाही ही म्हण तर प्रत्येक आजीच्या तोंडी असते. ही म्हण या आजारापुरती तरी खोटी आहे. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात दाखल झालेल्या अशा रुग्णांचा मेरी झनारिनी यांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षांत 93 टक्के रुग्णांची लक्षणे किमान सलग दोन वर्षे निदानाच्या पातळीखाली राहिली होती. नोकरी आणि नातेसंबंध पूर्ववत होण्याचे प्रमाण त्याहून बरेच कमी होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही ‘यांचे असेच चालायचे’ या वाक्याला त्यात आधार सापडत नाही.

आता दाखल करण्याविषयी. त्या डॉक्टरांच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे आणि त्यांनी ते निष्ठुरपणे वापरले. महिनोन्‌महिने वॉर्डात ठेवल्याने या आजारात फायदा होत नाही, उलट माणसाची स्वतःला सावरण्याची सवय मोडते, असा अनुभव आम्हालाही होता. परंतु त्यावरून संकटाच्या रात्री दार बंद करावे असे निघत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2009 मध्ये या आजारासाठी जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात दाखल करण्यापूर्वी मुक्काम किती दिवसांचा आणि कशासाठी, हे रुग्णाशी बोलून ठरवा असे म्हटले आहे. चार दिवस, झोप लागावी आणि जिवाचा धोका टळावा म्हणून, पाचव्या दिवशी घरी, आणि त्यानंतर अमुक वारी अमुक तज्ज्ञांकडे, इतके ठरलेले असले की दाखल होणे ही शिक्षाही वाटत नाही आणि आसराही होऊन बसत नाही. त्याच सूचनेत असेही आहे की या विकारासाठी म्हणून औषधे देऊ नयेत, आणि संकटात गुंगीचे औषध द्यावेच लागले तर ते एका आठवड्यापेक्षा जास्त काळ नसावे. सोबत नैराश्य किंवा दुसरा आजार असेल तर त्याची औषधे अर्थातच वेगळी. म्हणून बहिणीच्या चिठ्ठीवर पाच-सहा गोळ्या असतील, तर प्रत्येक गोळी कशासाठी आहे हे संकोच न करता विचारा.

आरोग्यशाळेविषयी दोन शब्द. ती 1935 मध्ये स्थापन झाली, आणि तिथल्या परिस्थितीची दखल थेट सर्वोच्च न्यायालयाला घ्यावी लागली. 1997 मध्ये न्यायालयाने आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर या तिन्ही ठिकाणच्या संस्थांवर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची देखरेख नेमली. या शब्दामागची भीती त्या आधीच्या काळातील आहे. आज अशा संस्थेत जाणे म्हणजे माणसाला टाकून देणे असे मानण्याचे कारण नाही. मात्र आपल्या बहिणीला कुठेही ‘ठेवण्याची’ गरज दिसत नाही, आणि तो शब्द घरात कोणीही धमकी म्हणून वापरू नये एवढे आपण सांगू शकता.

लष्करच्या वडिलांशी मी नम्रपणे असहमत आहे. कागद लपवला तर आधी कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, मागच्या वेळी काय झाले होते, हे सारे लपते आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

उत्तर : याच निदानासह जगणारी, मुरार

मी एकतीस वर्षांची आहे आणि हा शब्द माझ्या कागदावर सात वर्षांपूर्वी आला. बाकावर तीन तास बसणे मी ओळखते. त्या वेळी टाक्यांचे दुखणे मोठे नसते. आपण इथे गर्दी केली, ही लाज मोठी असते, आणि ती लाजच पुढच्या वेळी रुग्णालयात जाऊ देत नाही. मी एकदा जखम चार दिवस झाकून ठेवली होती आणि ती चिघळली, ती याच कारणाने.

या आजारासाठी जी उपचारपद्धती सर्वांत जास्त तपासली गेली, ती डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी मार्शा लिनेहान यांनी तयार केली. त्या स्वतः 1961 मध्ये सतरा वर्षांच्या असताना अमेरिकेतील हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि त्यांना एकांत खोलीतही ठेवले गेले होते. हे त्यांनी 2011 मध्ये, त्याच रुग्णालयात उभे राहून, जाहीरपणे सांगितले. मला ते वाचून जितका धीर आला तितका कोणत्याही समजुतीने आला नव्हता. या पद्धतीत दर आठवड्याला व्यक्तिगत भेट असते, गटात कौशल्ये शिकवली जातात, आणि दोन भेटींच्या मधे अडचण आली तर थेरपिस्टला फोन करण्याची मुभा असते. मला आपल्या शहरात हे सर्व एका ठिकाणी मिळाले नाही. मी कौशल्यांचा भाग व्हिडिओवरून दुसऱ्या शहरातील मानसशास्त्रज्ञांकडे शिकले आणि औषधांसाठी इथल्या डॉक्टरांकडे जाते. दोघांचे एकमेकांशी बोलणे व्हावे यासाठी मलाच पाठपुरावा करावा लागतो, तो आपण बहिणीसाठी करू शकाल.

माझ्या पर्समध्ये एक पानी कागद असतो. मी शांत असताना आणि माझ्याच अक्षरात लिहिलेला. मला काय चालू आहे, माझ्याशी कसे बोलल्यास मी शांत होते, कोणत्या वाक्याने मी बिघडते, कोणाला फोन करायचा. कॅज्युअल्टीत मी केसपेपराच्या वर हा कागद ठेवते. नेहमी उपयोग होतो असे नाही, पण एकदा एका तरुण डॉक्टरांनी तो पूर्ण वाचला आणि स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले.

उत्तर : वकील, ग्वाल्हेर

कायद्याचा भाग थोडक्यात मांडतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 हा मे 2018 पासून लागू आहे. हा आजार नव्हे, स्वभाव आहे, असे कोणी म्हटल्यास कलम 3 दाखवावे. मानसिक आजार ठरवण्यासाठी तेथे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणासारख्या मान्य वैद्यकीय निकषांचा आधार सांगितला आहे, आणि त्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकार आहेत. कलम 21 प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तातडीची सेवा शारीरिक रुग्णाच्या दर्जाचीच मिळाली पाहिजे. कलम 94 नुसार जिवाला धोका असल्यास कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ हजर असण्याची वाट पाहावी लागत नाही. कलम 115 मुळे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, तेव्हा पोलिसांच्या भीतीने उशीर करू नये.

आपल्याला आजच करता येण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. बहिणीने साध्या कागदावर सही करून आपल्याला नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत तिला साथ देणारी व्यक्ती) नेमावे. कलम 14 ला एवढेच पुरते, स्टॅम्प पेपर लागत नाही. आणि पुढे कधी दाखल झाली तर डिस्चार्जच्या वेळी पुढील उपचारांची योजना मागावी, कारण कलम 98 प्रमाणे ती आपल्याशी बोलून आखणे ही मनोविकारतज्ज्ञांची जबाबदारी आहे. कलम 5 खालील आगाऊ निर्देशही (पुढे कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे सांगणारा कागद) लिहून ठेवता येतो, पण तो तातडीच्या उपचारांना लागू होत नाही. झालेल्या वागणुकीची तक्रार प्रथम रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी करावी.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. काल मुरारच्या ताईंचे उत्तर मी बहिणीला वाचून दाखवले. तिने एक पान लिहायला घेतले आहे. पहिल्याच ओळीत ‘कृपया माझ्यासमोर माझ्याविषयी बोलू नका, माझ्याशी बोला’ असे हिंदीत लिहिले आहे. नामनिर्देशनाच्या कागदावर मात्र तिने माझे नव्हे, मैत्रिणीचे नाव घातले. मला क्षणभर वाईट वाटले. हे चालते का?

वकील, ग्वाल्हेर

चालते. मैत्रीण सज्ञान असावी, ही जबाबदारी पेलण्यास सक्षम असावी आणि तिने ती लेखी मान्य करावी. पुढे बदलायचे झाल्यास बहीण केव्हाही बदलू शकते.

निवृत्त परिचारिका

त्या पानाच्या दोन प्रती काढा. एक पर्समध्ये आणि एक आपल्याकडे. आणि रात्री-अपरात्री रुग्णालय गाठण्यापूर्वी बोलायला कोणी हवे असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे, तोही त्या पानावर तळाशी लिहून ठेवा.