अनुभव धागा : ऑक्टोबरात तुमच्या क्लबने मिडफील्ड मोडलं तेव्हा

तपकिरी_सोनेरी

मंडळी, एएफएलचा (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, आपली लाडकी 'फुटी') २०२५ चा ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा, बाजार उठला. आपल्या हॉथॉर्न क्लबला हवा असलेला झॅक मेरेट एसेंडनलाच राहिला आणि आपला जेम्स वॉर्पल जिलाँगला गेला. म्हणजे हॉथॉर्नच्या मिडफील्डमधून एक वजा झाला, अधिक काहीच झालं नाही. घरी यावर बोलायची सोय नाही, बायको रिचमंडवाली आहे आणि तिची दुःखं वेगळी आहेत. म्हणून हा धागा.

मेलबर्नला येऊन फुटीच्या नादाला लागलेले आपण बरेच जण आहोत. सामने सगळेच बघतात, पण क्लबचा खरा स्वभाव कळतो तो मोसम संपल्यावर. कोणाला धरून ठेवलं, कोणाला दार दाखवलं, कोणासाठी किती मोजलं. तुमच्या क्लबने मिडफील्ड मोडलं किंवा नव्याने उभारलं तेव्हा तुम्ही काय पाहिलंत, काय वाटलं, ते लिहा. क्लब कोणताही चालेल.

नव्यांसाठी दोन शब्द. सेंटर बाउन्सला (मैदानाच्या मध्यातून खेळ सुरू होतो तेव्हा) मधल्या चौकोनात प्रत्येक संघाचे चारच जण उभे राहतात, एक उंच रकमन (चेंडूसाठी उडी मारणारा) आणि तीन मिडफील्डर. त्या तिघांवर पुढचा सगळा डोलारा. आयपीएलसारखा लिलाव इथे नाही. क्लब दुसऱ्या क्लबकडून खेळाडू पैशाने विकत घेऊ शकत नाही, बदल्यात खेळाडू द्यायचा नाहीतर ड्राफ्टमधला (नवी पोरं निवडायच्या फेऱ्यांमधला) आपल्या पाळीचा नंबर. पगाराला वरची मर्यादा आहे, त्यामुळे सगळेच तारे जमवता येत नाहीत. आणि आठ मोसम एका क्लबात काढले की खेळाडू फ्री एजंट म्हणून निघू शकतो. वॉर्पल तसाच गेला.

मलग्रेव्हचे_काका

धागा काढलात ते बरं झालं, माझ्या पोटात २०१६ पासून साचलंय.

वॅव्हर्ली पार्क आमच्या घरापासून चालत. जुन्या स्टेडियमचा एकच स्टँड राखून बाकी जागेवर घरं बांधली, आणि मधलं मैदान तेव्हा हॉथॉर्नच्या सरावाला होतं. निवृत्तीनंतर सकाळचा फेरा तिकडेच असायचा. तिथे सॅम मिचेलला जवळून पाहिला. धावायला मंद, उंचीला बेताचा. पण चेंडू हातात येण्याआधी त्याची मान वळलेली असायची. बाकीचे चेंडू उचलून मग बघायचे की मोकळं कोण आहे. हा आधी बघून ठेवायचा, मग उचलायचा, आणि डावा-उजवा पाय सारखाच चालायचा.

२०१६ ला पहिल्या फायनलमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांतला प्रत्येक सामना इथे फायनलच) जिलाँगने दोन गुणांनी हरवलं, सायरननंतर आयझॅक स्मिथची किक बाहेर गेली. पुढच्या आठवड्यात बुलडॉग्जनी घरी पाठवलं. मग क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूचं पीटर क्रिमिन्स पदक सॅम मिचेलने पाचव्यांदा घेतलं आणि त्याच महिन्यात त्याला वेस्ट कोस्टला धाडला! वय ३४. पाठोपाठ जॉर्डन लुईस मेलबर्नला, वय ३०. दोघंही २००८, २०१३, २०१४, २०१५ अशा चारही प्रीमियरशिपमधले (विजेतेपदांतले). मोबदला म्हणाल तर ड्राफ्टच्या तळाचे नंबर.

इथपर्यंत मी क्लबच्या बाजूने होतो, थांबलो असतो तर दोघंही आपल्याच डोळ्यांसमोर म्हातारे झाले असते. माझं भांडण पुढच्या भागाशी आहे. सिडनीहून टॉम मिचेल आणला (सॅमचा नातेवाईक नव्हे) आणि गोल्ड कोस्टहून जेगर ओमेरा, जो गुडघ्यापायी दोन मोसम मैदानातच उतरला नव्हता. या दोघांसाठी २०१६ आणि २०१७ अशा दोन्ही ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे नंबर घालवले. २०१७ ला आमची पाळी आली तेव्हा ४५ वा नंबर चालू होता. त्यावर वॉर्पल मिळाला हे निव्वळ नशीब.

टॉमने काही कमी केलं नाही. २०१८ च्या पहिल्याच सामन्यात कॉलिंगवुडविरुद्ध ५४ डिस्पोजल (लाथेने वा हाताने दिलेले चेंडू), तो तेव्हाचा विक्रम, आणि वर्षअखेर ब्राउनलो, लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक. आम्ही चौथे आलो, दोन्ही फायनल हरलो. जानेवारी २०१९ ला सरावात त्याचा पाय मोडला आणि अख्खा मोसम गेला. मागे बघावं तर रांगेत कोणी नाही, कारण पोरं घ्यायचे नंबरच उडवलेले. तिथून २०२३ पर्यंत फायनलचं तोंड दिसलं नाही.

मॅगपायवाली

काका, तुमच्या टॉमला आम्ही कॉलिंगवुडवाले २०२२ च्या ऑक्टोबरात घेऊन गेलो, क्षमस्व नाही :)

तो सौदा तिघांमधला होता. टॉम आमच्याकडे, आमचा ऑली हेन्री जिलाँगला, जिलाँगचा कूपर स्टीव्हन्स तुमच्याकडे. आमच्या ग्रुपवर तेव्हा रडारड चालली होती, म्हातारा मंद मिडफील्डर कशाला हवा म्हणून. मला मात्र पटलं होतं. पेंडलबरी, डी गोई, निक डायकॉस असे सगळे होते, पण गर्दीत खाली वाकून चेंडू काढून देणारा एक कामकरी माणूस हवा होता. ३० सप्टेंबर २०२३ ला एमसीजीवर ग्रँड फायनलला (अंतिम सामन्यात) ब्रिस्बेनला ९०-८६ हरवलं तेव्हा मी सदर्न स्टँडच्या वरच्या मजल्यावर होते. शेवटच्या काही मिनिटांत टॉम चेंडूवर अक्षरशः झोपत होता. वेळ खायची तर अशी.

म्हणून हॉथॉर्नवाल्यांनी "आम्ही त्याला वेळेत काढला" अशी शेखी मिरवू नये. तुम्ही काढलात, आम्ही वापरला, दोघांचं भलं झालं.

बॉक्सहिलकर

दोघांचं भलं, मान्य. पण आमचं भलं झालं त्याचं कारण जय न्यूकम.

२०२१ च्या सुरुवातीला बॉक्स हिल हॉक्सचे सामने बघायला जात असे. आमचाच दुय्यम संघ, सॅम मिचेल तेव्हा त्याचा कोच. मैदान छोटं, कठड्याला टेकून उभं राहिलं की टॅकलचा धप्प आवाज ऐकू येतो. तिथे गिप्सलँडच्या पूवाँग गावचा हा पोरगा दिसला. कोणत्याच क्लबने ड्राफ्टमध्ये घेतला नव्हता. अंगाने आडवा, पकडला की समोरच्याचे दोन्ही हात अडकलेच पाहिजेत, त्यामुळे हँडबॉल (मुठीने चेंडू देणं) सुटतच नसे. मोसमाच्या मधल्या ड्राफ्टमध्ये आपण त्याला दुसऱ्या नंबरवर घेतला. पदार्पणातच १४ टॅकल केले, पहिल्या सामन्यात तेवढे त्याआधी कोणी केले नव्हते.

२०२२ ला टॉम आणि ओमेरा दोघंही गेले तेव्हा पेपरवाल्यांनी हॉथॉर्नला मोडीत काढलं होतं. पण तोवर हॉथॉर्नचा कोच झालेल्या सॅमने जागा मुद्दाम रिकाम्या केल्या होत्या. टॉम संघात असता तर बाउन्सला न्यूकम, विल डे, जॉश वॉर्ड यांना उभं राहायला मिळालं असतं का? कॉनर नॅशचंच बघा. आयर्लंडहून गेलिक फुटबॉल खेळत आलेला माणूस, पुढे-मागे कुठेही ठेवून बघितला, शेवटी मधल्या चौकोनात रुजला. आणि या खेपेला पोरं घ्यायला वरचे नंबर होते. सातवर कॅम मॅकेन्झी, अठरावर जॉश वेडल.

२०२३ ला सोळावे आलो, ते बघणं जिवावर यायचं. २०२४ ला पहिले पाच सामने हरलो आणि तरी सातवे येऊन बुलडॉग्जना फायनलमध्ये लोळवलं. मग पोर्ट ॲडलेडकडून त्यांच्या घरी तीन गुणांनी हरलो, ते जाऊ द्या.

नवखा_टार्नेट

एक शंका. ज्या सॅम मिचेलला क्लबने ३४ व्या वर्षी काढलं, तोच परत येऊन कोच झाला आणि त्याने ब्राउनलोवाल्याला काढलं? रागबीग काही नाही?

मलग्रेव्हचे_काका

राग असता तर आला नसता. वेस्ट कोस्टला एक मोसम खेळला, २०१८ ला त्यांनी प्रीमियरशिप जिंकली तेव्हा तो त्यांचा सहायक कोच होता. म्हणजे बाहेर जाऊन शिकूनच आला. स्वतःवर बेतलेलं असल्यामुळे दुसऱ्याला सांगताना त्याला सोपं गेलं असेल की अवघड, ते त्याचं त्याला ठाऊक.

पर्थची_पमी

आमच्याकडे फ्रिमँटलला ओमेरा आला, बदल्यात लॉइड मीक तुमच्याकडे आणि वर पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा नंबर. ओमेरा इकडचाच, त्यामुळे स्वागत जोरात झालं. पण सगळे ओमेरावर बोलत बसले आणि मीककडे कोणी बघितलं नाही, हे मला खटकलं होतं. आमच्याकडे शॉन डार्सी आणि त्याच्यापुढे मीकला संधीच नव्हती. आता बघा, तुमच्या बाउन्सला उडी मारणारा तोच. मिडफील्डची चर्चा करताना रकमनला विसरायची सवय सगळ्यांनाच आहे.

क्लाइडची_आई

माझा अनुभव जरा वेगळा. मुलगा बारा वर्षांचा, इथल्या छोट्या क्लबात खेळतो. त्याच्या संघात पंजाबी, श्रीलंकन, सुदानी, अफगाण सगळी पोरं आहेत. दर शनिवारी डब्यात संत्र्याच्या फोडी न्यायची पाळी लावलेली असते, आमच्या पाळीला मी सोबत शेंगदाण्याची चिक्की द्यायला गेले तर मॅनेजरबाईंनी हसत परत केली. शेंगदाण्याला मैदानावर बंदी!

सांगायचं हे की, एका ओळखीच्या बाबांनी सांगितलं तेव्हा मला कळलं, एएफएलच्या क्लबांना आपापल्या भागात अकादमी असते, आणि आई किंवा वडील आशियात वा आफ्रिकेत जन्मलेले असतील तर मुलगा तिथे बसू शकतो. ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्लबने त्याचं नाव पुकारलं तर अकादमीवाला क्लब तेवढ्या गुणांचे नंबर खर्चून त्याला राखू शकतो. मी साताऱ्यात जन्मले याचा एवढा उपयोग आजवर कोणी सांगितला नव्हता. मुलाला मात्र मिडफील्डमध्ये कोणी घेत नाही. कोच म्हणतात उंची वाढतेय, रक शिक. पमीताई म्हणतात तसंच, त्याला वाटतं ते बिनकौतुकाचं काम आहे.

तपकिरी_सोनेरी

चिक्कीचा किस्सा आवडला. आता मूळ प्रश्नावर येतो.

मेरेटसाठी आपण २०२५ च्या ड्राफ्टचे १० आणि २२ हे नंबर आणि पुढची पहिली फेरी, एवढं पुढे केलं होतं. एसेंडनने शेवटच्या दिवसापर्यंत मान हलवली नाही. तो तेव्हा त्यांचा कप्तान, करार बाकी, त्यांना गरजच नव्हती. मला वाईट वाटलं. विल डे पायाच्या दुखण्याने २०२५ चा बराच मोसम बाहेर होता, आणि प्रिलिमिनरी फायनलला (उपांत्य सामन्यात) जिलाँगने ३० गुणांनी हरवलं तेव्हा बाउन्सला आपला हात तोकडा पडतोय हे उघड दिसत होतं.

मलग्रेव्हचे_काका

आणि मला हायसं वाटलं. पुन्हा तेच, बाहेरचा मिडफील्डर आणि त्यासाठी वरचे नंबर. एकदा हे करून बघितलंय ना? आपल्या स्वयंपाकघरात डाळ शिजत असताना बाहेरून मागवायची घाई.

बॉक्सहिलकर

काका, पण २०१६ आणि आताचा फरक बघा ना. तेव्हा मागे कोणी नव्हतं. आता न्यूकम, नॅश, वॉर्ड, मॅकेन्झी आहेत, डे बरा झाला की तोही. अशा संघात एक तयार माणूस आणला तर तो पोरांची जागा खात नाही, त्यांच्यावरचं ओझं उचलतो. टॉमने कॉलिंगवुडला जाऊन तेच केलं, वर ताईंनी लिहिलंय. वॉर्पल गेल्याने मला खरी चिंता आहे ती गर्दीत अंग घालणाऱ्याची. न्यूकम एकटा किती टॅकल करणार?

मलग्रेव्हचे_काका

मग जॉश वॉर्डला तिथे टाका. सात नंबरवर घेतलेला पोरगा आहे, चार मोसम झाले. अजून कडेकडेने किती दिवस खेळवणार? आणि वेडलला मागून काढून बाउन्सला उभा करून बघा. एवढा पळणारा, एवढा अंगापिंडाचा माणूस बचावात अडकवून ठेवलाय.

मॅगपायवाली

वेडलला मागेच ठेवा हो. पुढे आला की आमचे हाल होतात.

तपकिरी_सोनेरी

ठरलं तर, वेडल मध्ये :) ड्राफ्ट नोव्हेंबरात असतो. बुलडॉग्ज आणि रिचमंडवाले अजून फिरकलेले नाहीत. बेली स्मिथ, डंकली आणि मॅक्रे गेल्यावर काय झालं ते बुलडॉग्जवाल्यांनी लिहावं. बायकोलाही लिंक पाठवली आहे, एका दमात प्रीमियरशिप जिंकलेले चार खेळाडू सोडून पहिल्या फेरीचे नंबर जमवले की शनिवार कसे जातात, ते ती सांगेल.