काजूच्या टरफलाचं तेल रबरात: सक्ती करावी का?

दोडामार्गकर
आमच्या तालुक्यात एका डोंगरावर काजू, तर शेजारच्यावर रबर. काजूगराला भाव आहे, टरफल मात्र बरंचसं भट्टीत जळतं. त्याच्या तेलातलं कार्डेनॉल रबर मऊ करायला पेट्रोलियमच्या प्रोसेस ऑइलऐवजी चालतं. आयआयटी खरगपूरमध्ये नैसर्गिक रबरावर हे काम झालंय. तिकडे युरोपने टायरमधल्या घातक अरोमॅटिक तेलांवर २०१० पासून निर्बंध घातले. मग निदान सरकारी खरेदीतल्या रबरी मालात तरी हे तेल सक्तीचं करा!

मिलवाला
सक्ती म्हणणाऱ्याने एक दिवस टू-रोल मिलसमोर, म्हणजे दोन रोलरांत रबर मळणाऱ्या यंत्रासमोर, उभं राहावं. कार्डेनॉल म्हणजे फिनॉल, वर १५ कार्बनची शेपटी. शेपटीमुळे ते रबरात मिसळतं, मान्य. पण तिच्यातले दुहेरी बंध सल्फर खातात. जो सल्फर रबराच्या साखळ्या बांधायला घातला, तोच तिकडे गेला तर साचा उघडल्यावर माल लिबलिबीत. तेल नीट तापवलेलं नसेल तर अनॅकार्डिक आम्ल उरतं, ते क्युरिंग (सल्फरने रबर पक्कं होणं) आणखी रेंगाळवतं. वर तपकिरी झाक! पांढऱ्या चपलेचा सोल त्यात काढून दाखवा, मी तुमच्याकडे नोकरीला येतो.

दोडामार्गकर
नोकरी राहू द्या साहेब. तापवलं की आम्लातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पुढे ऊर्ध्वपातन केलं की बऱ्यापैकी स्वच्छ कार्डेनॉल मिळतं. सल्फरचा हिशोब कंपाउंडमध्ये, म्हणजे रबराच्या मिश्रणात, बसवता येतो. आणि ग्राफ्टिंग करून ते रबराच्या साखळीलाच जोडलं तर साध्या तेलासारखं पाझरून बाहेरही येत नाही. ब्रेक लायनिंगवाले तर हे तेल कित्येक दशकं वापरताहेत.

मिलवाला
ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे तेलाची राळ करून ती कडक होऊ देतात, दळतात आणि ती पूड लायनिंगमध्ये घालतात. ब्रेक तापला तरी घर्षण सांभाळलं जातं. कुणी जीआर काढला म्हणून नव्हे, काम चोख होतं म्हणून वापरतात.

तुसाची_राख
काजूच का? गुडइयर भाताच्या तुसाच्या राखेतली सिलिका टायरमध्ये घालते. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस.

मिलवाला
गिरणीमागची राख उचलून घातली तर जमणार नाही. भट्टी फार तापली की सिलिका स्फटिकरूप होते, ती धूळ फुप्फुसाला वाईट. चांगली सिलिकासुद्धा रबराला सहज धरत नाही, दोघांना जोडायला सिलेन नावाचं रसायन लागतं. विषय काजूचा आहे, तिथेच राहू.

वेंगुर्ल्याची_शीतल
हो, काजूचंच बोला. टरफलाच्या चिकाने कातडं भाजतं. बी फोडणाऱ्या बायकांची बोटं बघा, काळी पडून सालं निघालेली असतात. मागणी वाढली तर भाव कारखानदाराला, बोटं आमची. सक्ती करायचीच तर आधी हातमोज्यांची करा.

दोडामार्गकर
ताई, बरोबर आहे. टेंडरमध्ये तेलाबरोबर हीसुद्धा अट घालता येईल.

मिलवाला
शीतलताईंच्या सक्तीला माझा पाठिंबा. तेलाच्या सक्तीला विरोध कायम. काळ्या फूटमॅटमध्ये निम्मं प्रोसेस ऑइल काढून तुमचं घालून बघतो. ऊर्ध्वपातन केलेलंच पाठवा, आणि दर ड्रमसोबत अ‍ॅसिड व्हॅल्यूचा (तेलात आम्ल किती उरलंय त्याचा) रिपोर्ट हवा. रिपोर्ट नसेल तर ड्रम गेटवरूनच परत.