होमस्टेला डेबिट कार्ड पुरे की क्रेडिट घ्यावं?

खाडीकाठ, देवबाग
आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. चादरी, गॅस, कोल्हापूरहून येणारा किराणा, पंपाची दुरुस्ती, सगळं आजवर डेबिट कार्डावर नाहीतर रोखीत. मागच्या आठवड्यात बँकेतून फोन आला, दीड लाखाचं क्रेडिट कार्ड मंजूर होईल म्हणून. बायको म्हणते घ्या, अडीनडीला होईल. बाबा म्हणतात, आजोबांची वीस वर्षं सावकाराच्या वहीतून नाव काढण्यात गेली, तू परत घालू नकोस. धंदा करणाऱ्यांनी सांगा. पगारदारांचे सल्ले नकोत, त्यांना दर महिन्याला पैसे येतात.

हापूसवाला, देवगड
बिनधास्त घे. माझ्या कार्डाचं बिल १० तारखेला निघतं, ३० पर्यंत भरायचं. ११ मार्चला आंब्याचे खोके घेतले की ते एप्रिलच्या बिलात येतात आणि पैसे जातात ३० एप्रिलला. तोवर वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विकलेल्या आंब्याचा हिशेब आणि पैसे, आलेली असते. पन्नास दिवस बिनव्याजी कोण देतो? सख्खा मेहुणा देत नाही. रुपेचं क्रेडिट कार्ड घेतलंस तर ते यूपीआयला जोडता येतं, २०२२ पासून सोय आहे. दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं.

निवृत्त बँकवाला, रत्नागिरी
हे गणित आंब्याचं. होमस्टेला जुळेलच असं नाही. मेअखेरीस सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात आणि मग तुमच्या खोल्याही रिकाम्या. खर्च मात्र नेमका तेव्हाच: पत्रे, रंग, खाऱ्या हवेने गंजलेले नळ. समजा साठ हजार कार्डावर गेले आणि बिल भरता आलं नाही. महिन्याला साडेतीन टक्के हा काही अचाट दर नव्हे, कार्डांना सर्रास लागतो. म्हणजे २,१०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७८. चार महिने पावसाळ्याचे, दहा हजार नुसते व्याजात. 'किमान रक्कम' भरून माणूस निर्धास्त होतो, पण बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज. आणि त्या कार्डावर एटीएममधून रोख कधीही काढू नका.

वेंगुर्ल्याचो
माका इचारशात तर डेबिटच बरा. खात्यात असा तेवढाच खर्च. माझ्या भावान क्रेडिट कार्डार होडयेचा इंजिन दुरुस्त करून घेतल्यान. जून-जुलैत मासेमारी बंद, पैसो खयसून येतलो? शेवटी वहिनीची पाटली गहाण पडली.

सोनचाफा, गुहागर
डेबिट सुरक्षित समजणाऱ्यांनी माझं ऐका. भर दिवाळीच्या गर्दीत डेबिट कार्डावरून कुणीतरी एकोणतीस हजार उडवले. त्याच दिवशी तक्रार केली, पैसे परत आलेही. तीन कामाच्या दिवसांत कळवलं आणि चूक आपली नसेल तर भुर्दंड आपल्यावर नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पण बँकेला रक्कम जमा करायला दहा कामाचे दिवस मिळतात. ते दिवस मी मासेवालीला काय देणार होते, नियमाची प्रत? क्रेडिट कार्डावर हेच झालं असतं तर भांडण बिलावर झालं असतं, गल्ल्यातले पैसे गल्ल्यातच राहिले असते.

निवृत्त बँकवाला, रत्नागिरी
ताई, मुद्दा खरा. त्याला उपाय वेगळं खातं. डेबिट कार्ड ज्या खात्याचं, त्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवायचे, पाहुण्यांचे आगाऊ पैसे दुसरीकडे. अ‍ॅपमधून मर्यादाही लावता येते. आणि वेंगुर्ल्याच्या भावाला सांगा, किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं. नावात क्रेडिट कार्ड असलं तरी ते स्वस्त व्याजाचं कर्ज आहे. उलट मुद्रा कार्ड हे डेबिट कार्ड, पण त्यामागे मुद्रा कर्जाचं खातं. नावावर जाऊ नका, पैसा कुणाचा आणि परत कधी करायचा ते बघा.

हापूसवाला, देवगड
काका, घाबरवताय उगाच. त्याने पत्रे जूनमध्ये का घ्यायचे? ११ एप्रिलला घे, ३० मेला भर. पूर्ण मे महिना खोल्या भरलेल्या असतात.

निवृत्त बँकवाला, रत्नागिरी
२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा तुमचा आंबा झाडावर राहिला होता का? ते वर्ष कोरोनाचं, पाहुण्यांचं तर नावच नको.

हापूसवाला, देवगड
तेव्हा डेबिटवाले कुठे तरले?

सोनचाफा, गुहागर
तरले नाहीत, पण त्यांच्या डोक्यावर व्याज नव्हतं. क्रेडिटच्या बाजूची असून हे कबूल करते.

खाडीकाठ, देवबाग
वाचून बायकोला दाखवलं. क्रेडिट कार्ड घेतोय, पण लिमिट दीड लाखाचं पन्नास हजार करून. ऑक्टोबर ते एप्रिल किराणा आणि गॅस त्यावर, पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळतं होईल अशी सूचना देऊन. मे ते सप्टेंबर कार्ड आईच्या कपाटात. पत्र्यांसाठी बँकेत ओव्हरड्राफ्टचं, म्हणजे शिल्लक संपल्यावरही खात्यातून ठरावीक उचल मिळण्याचं, विचारतो, वापरू तेवढ्यावरच व्याज म्हणतात. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

वेंगुर्ल्याचो
कपाटाची चावी कोणाकडे?