डिसेंबरात वाई आणि दापोलीचा किनारा: फोटो आणि छोट्या लग्नासाठी जागा, वेळ कशी ठरवावी?

चाफा_कोथरूड

मंडळी, आमचं लग्न नोंदणी पद्धतीनं आहे. सह्या पुण्यात कार्यालयात होतील. त्यानंतर दोन्ही घरची मिळून १२ माणसं दापोलीकडच्या एखाद्या किनाऱ्यावर जमून अंतरपाट धरायचा आणि हार घालायचे, एवढाच समारंभ. त्याआधी फक्त आम्हा दोघांचे फोटो वाई-मेणवलीला. महिना डिसेंबर, तारीख अजून मोकळी आहे.

सकाळी मेणवली आणि त्याच संध्याकाळी समुद्र, असं एका दिवसात बसतं का? किनारा कोणता आणि किती वाजता गाठावा? आजी आणि मोठे काका सोबत आहेत, त्यांना वाळूत फार चालवत नाही. फोटोग्राफर रंगीत धुराच्या कांड्या आणि ड्रोन सुचवतोय. घरच्यांच्या यादीत कास पठार आणि एखादा किल्लाही आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

सह्यघाट

एका दिवसात बसवू नका. वाईहून पसरणी घाट, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, खेड, मग दापोली. वळणावळणाचा रस्ता आहे, साडेचार-पाच तास धरा. मेकअप करून, भरजरी कपड्यात दोन घाट पार केल्यावर संध्याकाळी चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याही कॅमेऱ्यात लपत नाही. पहिल्या दिवशी वाई, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत निघून दुपारच्या जेवणाला दापोली. शनिवार-रविवार टाळा. डिसेंबरात पाचगणी-महाबळेश्वरचा रस्ता सुट्टीच्या दिवशी तुंबतो आणि मेणवलीच्या नदीघाटावरही माणसांशिवाय चौकट मिळत नाही.

वाईत डिसेंबरातला सूर्योदय ६.५० ते ७.०५ च्या दरम्यान. पण ही वेळ सपाट क्षितिजाची. वाई डोंगरांच्या खोऱ्यात आहे आणि या महिन्यात सूर्य बरोबर पूर्वेला न उगवता जवळजवळ २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. त्या बाजूला डोंगर असला की प्रत्यक्ष ऊन अंगावर यायला आणखी २०-३० मिनिटं लागतात. ही मिनिटं वाया जात नाहीत. नदीवर धुकं असतं, दगडी पायऱ्यांवर सावली मऊ असते, डोळे बारीक करावे लागत नाहीत. म्हणून ६.३० ला तयार होऊन घाटावर हजर राहा. ८.४५ नंतर पायऱ्यांवर कडक ऊन आणि कमानींखाली काळोख, असा प्रकाश दुभंगतो. तेव्हा कॅमेरा बंद करून नाश्त्याला जा. पहाटे थंडी चांगलीच असते, दोन फोटोंच्या मध्ये पांघरायला शाल हवीच.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याला लागून कृष्णेवरचा घाट. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर आलेली मोठी पोर्तुगीज घंटाही तिथेच. गावकरी सकाळी पूजेला, पाण्याला तिथेच येतात. त्यामुळे आदल्या दिवशी वाड्यावर आणि देवळात पुजाऱ्यांना भेटून विचारा, शुल्क असेल ते भरून पावती घ्या. देवळाच्या ओट्यावर चपला नकोत, मिठीतले फोटो गाभाऱ्यासमोर नकोत. हे आधी पाळलं की तासभर कुणी हटकत नाही.

पाण्यालगतच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्या शेवाळलेल्या असतात. लेहंगा किंवा लांब घेर असेल तर पाऊल दिसत नाही आणि घसरणं तिथेच होतं. कोरड्या पायरीवर उभं राहा, फोटोग्राफरला खाली वाकून कॅमेरा पाण्याच्या पातळीवर आणू दे. प्रतिबिंब तसंही पूर्ण मिळतं.

रंगांचं एक सांगतो. डिसेंबरात सह्याद्रीवरचं गवत सोनेरी-पिवळं झालेलं असतं, हिरवं नाही. त्यावर पिवळा, बदामी, फिका केशरी कपडा विरून जातो. गडद हिरवा, जांभळा, मोरपिशी, कुंकवाचा लाल उठून दिसतो. काळ्या दगडाच्या घाटावर उलट, तिथे मोतिया आणि पिवळा छान.

कास यादीतून काढा. फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. डिसेंबरात तिथे कातळ आणि वाळकं गवत आहे. आणि हंगामात गेलात तरी पठार फोटोसाठी नाही. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून नोंदलेली ती जागा आहे, आणि कातळावर माती इतकी पातळ आहे की एक बैठक मारली तरी तिथली रोपं जातात.

पुळणवाला

किनाऱ्याचं मी सांगतो. लोक सूर्यास्ताची वेळ बघतात आणि भरती-ओहोटी बघत नाहीत. फसगत तिथेच होते.

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला ३ नं गुणा, ४ नं भागा, येईल ती भरतीची वेळ, दुपारची आणि रात्रीची. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमी घ्या: ८ गुणिले ३, भागिले ४, म्हणजे ६. संध्याकाळी सहाला, नेमकी सूर्यास्ताला, भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या: १५ गुणिले ३, भागिले ४, म्हणजे सव्वाअकरा. ओहोटी साधारण साडेपाचला. दापोलीकडे डिसेंबरात सूर्यास्त ६ ते ६.१० ला होतो, म्हणजे अगदी हवी तशी जुळणी. पाणी लांब मागे गेलेलं, ओली सपाट वाळू चकचकीत आणि तिच्यात आकाश उतरलेलं. हिशेब अर्ध्या-पाऊण तासानं इकडे-तिकडे होतो, म्हणून तारीख पक्की करण्याआधी भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून बघा.

अमावास्येला घरची मोठी माणसं हार घालायला तयार होणार नाहीत, तेव्हा पौर्णिमा किंवा तिच्या पुढची प्रतिपदा धरा. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती असते. खोल्या महिनाभर आधी धरून ठेवा, नाहीतर प्रतिपदाच बरी. त्या दिवशी पूर्ण ओहोटी सातला येते, पण साडेपाचला पाणी बऱ्यापैकी उतरलेलं असतं. सप्तमी ते नवमी टाळलेली चांगली. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही, वाळू उरते. पण ती कोरडी, पायांनी तुडवलेली वाळू. आरसा मिळत नाही.

दापोलीजवळच्या कर्दे-मुरूडची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, घ्या. लांब, सलग, घट्ट वाळूची आहे आणि रस्ता व घरं मागे जवळच असल्यानं आजींना पाच-पन्नास पावलांपेक्षा जास्त चालावं लागणार नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे पाय वाळूत रुततात. प्रत्येक खुर्चीखाली फळी किंवा जाड सतरंजी टाका, नाहीतर मोठे काका बसता बसता कलंडतील. गाडी वाळूवर उतरवू नका. ओहोटीला घट्ट वाटलेली वाळू पाणी चढू लागलं की सैल होते आणि चाक तिथेच रुततं.

दिशा नीट बघा. डिसेंबरात सूर्य मावळतोही पश्चिमेपासून २५ अंश दक्षिणेकडे. पुळणीच्या दक्षिण टोकाला डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं असेल आणि तुम्ही त्याच्या कुशीत उभे असाल, तर सूर्य पाण्यात न बुडता डोंगरामागे जातो, तोही पंधरा-वीस मिनिटं आधी. पुळण लांब असली की उत्तरेकडे सरकायला जागा मिळते, कर्दे-मुरूड सुचवण्याचं हेही कारण. आदल्या संध्याकाळी एकदा उभं राहून बघाच.

ओहोटीला उघडे पडलेले खडक फोटोत सुंदर दिसतात, पण त्यांवर कालवं, म्हणजे धारदार शिंपले, चिकटलेली असतात. अनवाणी पाय चिरतो. आणि पौर्णिमेच्या उधाणाला पाणी परत फिरलं की भराभर येतं, तेव्हा खडकांवर पाठ करून उभं राहायचं नाही.

आणखी एक. नोव्हेंबरपासून या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. अंधार पडल्यावर मोठे दिवे, फ्लॅश, आकाशकंदील काहीही नको. उजेड दिसला की मादी परत फिरते. फोटो ६.३० ला संपवा. कुठे काठ्या-जाळी लावून जागा राखलेली दिसली तर तिथून लांब राहा.

चाफा_कोथरूड

हे सोन्यासारखं आहे. म्हणजे आधी तिथी, मग तारीख, मग खोल्या. दोन शंका. समुद्र पाठीमागे घेऊन १२ जणांचा फोटो किती वाजता? आणि नोंदणीचा अधिकारी दापोलीला येऊ शकतो का?

कायदा_आणि_कागद

दुसऱ्या शंकेपुरतं. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावर, जादा शुल्क भरून विवाह लावता येतो. पण अधिकारी आपल्या हद्दीतच काम करतो. पुण्याचा अधिकारी रत्नागिरी जिल्ह्यात येणार नाही. तिथे विवाहाची नोटीस द्यायची तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस वास्तव्य हवं. तेव्हा सह्या पुण्यातच करा.

नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून ३ महिन्यांत विवाह झाला नाही तर ती बाद होते, सगळं पुन्हा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यावर नोटीस द्या, म्हणजे त्रुटी निघाली तरी दुरुस्तीला वेळ उरतो. सह्यांना ३ साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह. कायद्याच्या लेखी लग्नाची तारीख सह्यांचीच, हार घातल्याची नव्हे. पत्रिका छापणार असाल तर हे आधी ठरवा.

किनाऱ्यासाठी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, माणसं १२, मंडप नाही, स्पीकर नाही. भरतीरेषेखाली खांब वगैरे रोवू नका.

रानवाट

धुराच्या कांड्या अजिबात नको. डिसेंबरात डोंगरावरचं गवत काडीसारखं वाळलेलं असतं आणि कांडीचं नळकांडं पेटल्यावर इतकं तापतं की हातातून पडलं तर तिथेच वणवा. दुसरं कारण आग्या मोहोळ. कडे, जुने पूल, उंच झाडं, देवळांची शिखरं, किल्ल्यांच्या कमानी ही त्यांची ठिकाणं. धूर, उग्र अत्तर आणि ड्रोनची घरघर, तिन्हींनी ती उठतात. जागेवर पोचल्यावर आधी वर बघा. काळपट, अर्धगोल, लोंबणारं पोळं दिसलं तर शंभरेक मीटर लांबची दुसरी चौकट शोधा आणि त्या दिवशी अत्तर लावूच नका. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून गाडीत किंवा बंद खोलीत जायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंघावत राहतात.

ड्रोन घ्यायचाच तर फोटोग्राफरला तीन गोष्टी विचारा. ड्रोनचा नोंदणी क्रमांक आहे का? वजन किती? २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो. त्यावरच्या ड्रोननं पैसे घेऊन काम करायचं तर चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. आणि सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा कुठल्या क्षेत्रात येते? हिरव्या क्षेत्रात साधारण १२० मीटर उंचीपर्यंत परवानगी न घेता उडवता येतो, लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. अभयारण्यात वनखात्याची परवानगी वेगळी. समुद्रावर दुपारचं वारं जोरात असतं, हलका ड्रोन पाण्यावर गेला की वाऱ्याशी झगडताना बॅटरी भसाभस संपते. निम्मी बॅटरी उरली की परत, हा नियम पाळणाराच माणूस घ्या.

किल्ला सोडा. रायगड, लोहगड, शिवनेरी, सुवर्णदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, राजगड, प्रतापगड राज्याकडे, आणि व्यावसायिक चित्रणाला लेखी परवानगी लागते. शिवाय गडावर असे फोटो काढलेले लोकांना खपत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सुवर्णदुर्ग हवाच असेल तर हर्णैच्या बाजूनं किनाऱ्यावरून मागे घ्या. समुद्रातला किल्ला लांबूनच भव्य दिसतो.

झुळूक

१२ जणांच्या फोटोची शंका राहिली. चारच्या सुमाराला समुद्राकडे पाठ केली तर ऊन पाठीमागून, चेहरे काळे. समुद्राकडे तोंड केलं तर सगळ्यांचे डोळे मिटलेले. तेव्हा घरच्यांचा फोटो वाळूवर घेऊच नका. पुळणीमागे सुरूची किंवा माडांची सावली असते तिथे, सावलीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून उभं करा. पहिली ओळ खुर्च्यांवर, मोठी माणसं मध्ये. दहा मिनिटांत होतं.

वेळापत्रक असं ठेवा: ४.१५ ला पोचणं, ४.३० ला सावलीत घरच्यांचे फोटो, ५ ला अंतरपाट आणि हार, ५.३० पासून फक्त तुम्ही दोघं, ६.०५ ते ६.२५ संधिप्रकाश. सूर्य बुडाल्यावर लगेच आवरू नका, गुलाबी-जांभळा रंग त्यानंतरच चढतो.

पाचला वारं समुद्राकडून येतं. अंतरपाट दोघांनी धरला तर मधोमध फुगतो आणि नवरीच्या तोंडावर आपटतो. खालच्या कडेला आतून शिशाचे गोळे किंवा जुनी नाणी शिवून घ्या आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं उभी करा. मुंडावळ्या केसांच्या पिनांनी दोन जागी अडकवा. समुद्र पाठीशी असताना पदर आणि केस वाऱ्यानं पुढे तोंडावर येतात; किनाऱ्याला तिरकं उभं राहून तोंड थोडं वाऱ्याकडे केलं की ते मागे जातात. पदराला खांद्यावर तीन पिना, एक आतून.

पैठणी पाण्यात नेऊ नका, खाऱ्या पाण्यानं जरतार काळवंडते. हार घालताना पैठणी, मग पाण्यातल्या फोटोंसाठी सुती नऊवारी किंवा साधा कपडा. बदलायला किनाऱ्यालगत तासाभरासाठी एखादी खोली आधीच सांगून ठेवा.

कॅमेरा एसी खोलीतून थेट किनाऱ्यावर आणला तर काचेवर वाफ धरते, अर्धा तास आधी पिशवीतच बाहेर ठेवा. लेन्स वाळूवर बदलायची नाही, गाडीत बसून बदला.

हार दापोलीतून त्याच सकाळी घ्या, आदल्या दिवशी सांगून. निशिगंध आणि गुलाब ओल्या फडक्यात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत, तळाला बर्फाची पिशवी आणि मध्ये वर्तमानपत्र. बर्फ फुलांना थेट लागला तर पाकळ्या डागाळतात. एक हार जादा घ्या, वाऱ्यात दोरा तुटतो.