मदत हवी आहे: होमस्टेच्या इंग्रजी फलकावरची विशेषणं

सुरुबन
तारकर्ली-देवबाग पट्ट्यातल्या होमस्टेसाठी इंग्रजी फलक आणि खोलीत ठेवायचं माहितीपत्रक तयार होतंय. पेंटरकडे देण्याआधी काही विशेषणं नक्की करायची आहेत. सिंधुदुर्ग किल्ला हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल? दर इकॉनॉमिक की इकॉनॉमिकल? फुकट नाश्त्याच्या कॉम्प्लिमेंटरीत आय की ई? माडांची बाग लक्झुरियस म्हणावी का? साप पॉयझनस की व्हेनमस? आणि बोटीचं पेट्रोल ठेवतात त्या खोलीवर इन्फ्लेमेबल लिहिलं, तर 'इन'मुळे 'पेट न घेणारं' असा अर्थ होईल का? शब्द कुठून आला तेही सांगा, म्हणजे पुढच्या वेळी विचारावं लागणार नाही.

खाडीकाठ
आधी पेट्रोलची खोली, कारण तिथली चूक जिवावर बेतू शकते. इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं, फ्लेमेबलचाही अर्थ तोच. लॅटिन इन्फ्लामारे म्हणजे पेटवणं. त्यातला 'इन' नकाराचा नाही, 'आत' या अर्थाचा आहे. पण वाचणाऱ्याला ते ठाऊक नसतं. इनव्हिजिबल, इनकम्प्लीट या शब्दांच्या सवयीने तो नकारच धरतो. म्हणूनच विसाव्या शतकात आगीपासून सुरक्षिततेचं काम करणाऱ्यांनी फ्लेमेबल हा शब्द पुढे आणला. तुम्हीही तोच रंगवा, खाली 'नो स्मोकिंग' लिहा. पेट न घेणाऱ्या वस्तूला नॉन-फ्लेमेबल म्हणतात.

इनव्हॅल्युएबलमधला 'इन' मात्र खरोखर नकाराचा, तरी अर्थ 'कवडीमोल' होत नाही. मोल करताच येत नाही असा, म्हणजे आपला 'अमूल्य'. दोन्ही भाषांत शब्दाची घडण एकच आहे.

बाकीच्यांसाठी एक युक्ती. विशेषण आधी मराठीत म्हणून बघा. मराठीत दोन वेगळे शब्द येत असतील तर उत्तर तिथेच मिळतं: इकॉनॉमिक म्हणजे आर्थिक, इकॉनॉमिकल म्हणजे किफायतशीर. दोन्हींच्या मुळाशी ग्रीक ओइकोनोमिया, घर चालवण्याची व्यवस्था. फलकावर इकॉनॉमिकल रेट्स हवं. ब्रिटिश वापरात इकॉनॉमिक रेंट म्हणजे मालकाला परवडणारं भाडं, त्यामुळे इकॉनॉमिक रेट्स लिहिलंत तर पाहुण्याला नेमकं उलटं वाटू शकतं.

अडचण येते ती मराठीत एकच शब्द असतो तिथे. 'ऐतिहासिक निर्णय' आणि 'ऐतिहासिक कादंबरी' यांना आपण एकच विशेषण लावतो. इंग्रजीत इतिहासात महत्त्वाचं ते हिस्टॉरिक, इतिहासाशी संबंधित ते हिस्टॉरिकल. मूळ शब्द ग्रीक हिस्टोरिया, म्हणजे शोध घेणं, चौकशी. पूर्वी ही दोन्ही रूपं सरमिसळ वापरली जात, पण आता हा भेद पाळलेला बरा. 1664 साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग हा हिस्टॉरिक फोर्ट. त्याचा जुना नकाशा भिंतीवर लावलात तर तो हिस्टॉरिकल मॅप.

दर्यावर्दी
'विषारी'चंही तसंच आहे, मराठीत एकच शब्द. पॉयझन हा लॅटिन पोटिओ, म्हणजे पेय, यातून आला. पोशन त्याचंच भावंड, आणि संस्कृत पा, आपलं पिणं, हीदेखील त्याच कुळातली. म्हणून जे खाल्ल्या-प्यायल्याने बाधतं ते पॉयझनस. व्हेनम आला लॅटिन व्हेनेनममधून. त्याचा अर्थ आधी औषधी काढा, वशीकरणाचं पेय असाही होता, आणि अभ्यासक त्याचा संबंध व्हीनस या नावाशी जोडतात. आज दंशाने किंवा काट्याने अंगात सोडलं जातं ते व्हेनम.

फुरसं, नाग, रापणीच्या जाळ्यात येणारे समुद्रसाप हे सगळे व्हेनमस. काजऱ्याच्या झाडाच्या बिया पॉयझनस.

सुरुबन
मग पाकट आणि केंड हे मासे?

दर्यावर्दी
याहून चांगली जोडी मिळणार नाही. पाकटाच्या शेपटीच्या काट्यात विष असतं, म्हणून ते व्हेनमस, तरी त्याचं कालवण आपण खातो. केंड काटा मारून विष सोडत नाही, पण त्याच्या अनेक जातींच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं आणि ते शिजवूनही जात नाही. तो पॉयझनस.

खाडीकाठ
बाग लक्झुरियंट लिहा, म्हणजे घनदाट, तरारलेली. लक्झुरियस म्हणजे ऐषारामी, ते खोलीला लावा. दोन्हींचं मूळ लॅटिन लक्झुरिया, अतिरेक: झाडाचा अतिरेक पानोऱ्यात दिसतो, माणसाचा चैनीत.

नाश्त्याला आय. दोन्ही शब्द लॅटिन कॉम्प्लेरे, पुरं भरणं, यातूनच निघालेत. ई-वाला सरळ लॅटिनमधून आला, एकमेकांना पूर्ण करणारा. ई म्हटलं की कम्प्लीट आठवा. आय-वाला स्पॅनिश-इटालियनमधून फिरून आला. तिकडे शिष्टाचार पुरा करणं असा अर्थ झाला आणि त्यातून स्तुती व सौजन्याची भेट. मासे आणि सोलकढी एकमेकांना ई-वाली कॉम्प्लिमेंटरी. तीच सोलकढी पैसे न घेता वाढलीत की आय-वाली.

पेंटरला हा शब्द तोंडी सांगू नका, उच्चार जवळजवळ सारखाच आहे. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या: सी-ओ-एम-पी-एल, पुढे आय. आधी खडूने आखायला सांगा, आणि ते अक्षर बघूनच रंग लावू द्या.