उपासनेच्या वेळी प्रोजेक्टर व दोन टीव्ही एकत्र नीट चालत नाहीत. वीज क्षणभर गेली तरी गीताचे शब्द पडद्यावरून जातात

प्रश्न (जालना जिल्ह्यातील एका मंडळीचा कार्यकर्ता)

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेच्या वेळी गीतांचे शब्द व शास्त्रवाचन पडद्यावर दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे. वेदीच्या उजव्या बाजूला प्रोजेक्टरचा पडदा आहे. खांबांमुळे ज्यांना तो दिसत नाही त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ४३ इंची टीव्ही लावले आहेत. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि गीतांचे शब्द पडद्यावर दाखवणारा ओपनएलपी हा प्रोग्राम आहे. लॅपटॉपमधून एक एचडीएमआय केबल स्प्लिटरला जाते आणि स्प्लिटरमधून तिन्ही पडद्यांना स्वतंत्र केबल जातात. डावीकडच्या टीव्हीची केबल सुमारे २० मीटर लांब असून ती पंख्यांच्या वायरिंगच्याच पट्टीतून नेलेली आहे.

अडचणी अशा आहेत. वीज क्षणभर जाऊन आली तर लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, पण पडदे पुन्हा उजळतात तेव्हा त्यांवर गीताऐवजी विंडोजचा रिकामा डेस्कटॉप दिसतो आणि गीताचे शब्द लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर येऊन सर्व काही झाकून टाकतात. टीव्हीवर ओळींच्या कडेची अक्षरे कापली जातात. प्रोजेक्टरवर मात्र तेच शब्द वरखाली काळी पट्टी सोडून लहान दिसतात. डावीकडच्या टीव्हीवर मधूनच पांढरे ठिपके चमकतात आणि कधी ‘नो सिग्नल’ येते. याखेरीज गायकवृंदाला पुढचे कडवे आधी दिसावे, अशी आमच्या पाळकांची इच्छा आहे. आमच्याकडील कितीतरी वृद्ध माणसांना गीतपुस्तकातील बारीक अक्षर आता वाचता येत नाही. पडद्यावरचे शब्द गेले की त्यांचे गाणे थांबते, म्हणून हे लवकर नीट व्हावे असे मनापासून वाटते. प्रोजेक्टर जुना आहे, त्याचे मूळ रिझोल्यूशन (चित्रातील आडव्या व उभ्या ठिपक्यांची संख्या) १०२४ गुणिले ७६८ आहे. नवीन खर्च फारसा करता येणार नाही.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर येथील सदस्य, ध्वनी व दृश्य यंत्रणेचे काम करणारे)

सलाम. आपण अडचणी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत, त्यांपैकी वीज गेल्यावर शब्द जागेवरून का जातात ते आधी सांगतो. एचडीएमआय केबलमधून फक्त चित्र जात नाही. पडदा आपली ओळख, म्हणजे कोणते रिझोल्यूशन त्याला चालते याची माहिती, संगणकाला देतो. तिला ईडीआयडी म्हणतात. त्याच केबलमधील एक वेगळी तार पडदा जोडलेला आहे की नाही हे सतत कळवत असते. वीज गेली की आपला स्प्लिटर बंद पडतो, ती तार गप्प होते आणि दुसरा पडदा काढून घेतला गेला असे विंडोजला वाटते. मग विंडोज त्या पडद्यावरील सर्व काही लॅपटॉपच्या पडद्यावर आणून ठेवते. वीज परत आल्यावर पडदा परत जोडला जातो, परंतु ओपनएलपीचे दृश्य आपल्या जागी परत जाईलच याची खात्री नसते. यात ओपनएलपीचा दोष नाही. पडदे गेले आहेत हे संगणकाला कळूच द्यायचे नाही, हाच यावरचा उपाय आहे.

त्यासाठी ईडीआयडी एम्युलेटर नावाचा अंगठ्याएवढा जोड मिळतो. तो लॅपटॉपचे एचडीएमआय पोर्ट आणि स्प्लिटरकडे जाणारी केबल यांच्या मध्ये बसवायचा. त्याला लॅपटॉपकडूनच ५ व्होल्ट मिळतात, त्यामुळे बाहेरची वीज गेली तरी तो लॅपटॉपला पडदा आहेच असे सांगत राहतो. घेताना एक गोष्ट नीट पाहावी. बाजारात ‘डमी प्लग’ म्हणून जे विकले जाते त्याला दुसऱ्या बाजूने केबल लावण्याची सोयच नसते. आपल्याला एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर असा जोड हवा आहे. तो येईपर्यंत स्प्लिटरचा अडॅप्टर यूपीएसवर ठेवावा. पुष्कळ लहान स्प्लिटर ५ व्होल्टवर चालतात, पण अडॅप्टरवर छापलेला आकडा वाचूनच दुसरी वीज द्यावी. केवळ यूपीएसने प्रश्न पूर्ण सुटेलच असे नाही, कारण तिन्ही पडदे एकाच वेळी बंद झाले की काही स्प्लिटर स्वतःहून ती तार सोडून देतात.

आता कापलेली अक्षरे व काळी पट्टी. स्प्लिटर लॅपटॉपला एकच पडदा दाखवतो, म्हणून तिन्ही ठिकाणी एकच रिझोल्यूशन जाते. रुंदी आणि उंची पाहिली तर आपला प्रोजेक्टर ४:३ प्रमाणाचा आहे आणि टीव्ही १६:९ प्रमाणाचे. रुंद चित्र या प्रोजेक्टरवर दाखवले की त्याच्या ७६८ ओळींपैकी ५७६ ओळीच वापरल्या जातात, उरलेल्या काळ्या राहतात. हे टाळता येत नाही आणि टाळण्याची गरजही नाही. प्रोजेक्टर थोडा मागे सरकवून किंवा त्याचे झूम वाढवून चित्र पडद्याच्या रुंदीइतके करून घ्यावे, म्हणजे काळ्या पट्ट्या पडद्याच्या बाहेर किंवा कडेवर पडतील. टीव्हीवरची अक्षरे मात्र टीव्हीच कापतो. जुन्या प्रसारणासाठी चित्र किंचित मोठे करून कडा लपवण्याची जी पद्धत होती, ती अजून पुष्कळ टीव्हींत सुरू असते. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘१:१’ असा पर्याय शोधावा. कंपनीप्रमाणे नाव बदलते. हा पर्याय प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा असू शकतो, म्हणून केबल ज्या पोर्टमध्ये आहे त्याच पोर्टवर असताना तो बदलावा.

रिझोल्यूशन १२८० गुणिले ७२०, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रे) असे ठरवून टाकावे. गीताच्या चार ओळींना त्याहून अधिकाची गरज नाही, आणि १०८० च्या (१९२० गुणिले १०८०) तुलनेत केबलवरून जाणारा सिग्नल निम्म्या वेगाचा होतो, त्यामुळे २० मीटरच्या केबललाही दिलासा मिळतो. मात्र विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ७२० निवडले म्हणजे केबलवरून ७२० च जाते असे समजू नये. ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये ‘डेस्कटॉप मोड’ आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’ असे दोन आकडे दिसतात. दुसरा आकडा १९२० गुणिले १०८० च राहिला असेल, तर ग्राफिक्स कार्ड लहान चित्र मोठे करून पाठवत आहे आणि केबलवरचा भार तसाच आहे. त्याच पानावरून ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीज उघडून ‘लिस्ट ऑल मोड्स’मधून ७२० निवडले की दोन्ही आकडे जुळतात.

उत्तर (लातूरचे सदस्य, इलेक्ट्रिशियन)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण पट्टीतून पंख्यांच्या वायरिंगसोबत गेलेल्या केबलकडे दुर्लक्ष करू नये. साधी तांब्याची एचडीएमआय केबल १० ते १५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, आणि पांढरे ठिपके हे सिग्नल काठावर आल्याचे लक्षण आहे. तरी केबल बदलण्याआधी दोष कुठे आहे ते ठरवावे. स्प्लिटरवर डाव्या व उजव्या टीव्हीच्या केबलींची अदलाबदल करावी. ठिपके उजवीकडे गेले तर स्प्लिटरचे ते पोर्ट खराब आहे. ठिपके डावीकडेच राहिले तर लॅपटॉप त्या टीव्हीजवळ नेऊन २ मीटरच्या केबलने जोडून पाहावा. चित्र स्वच्छ आले तर टीव्ही निर्दोष असून दोष लांब केबलचाच आहे.

७२० करूनही ठिपके राहिले तर दोन मार्ग आहेत. कॅट ६ या नेटवर्कच्या केबलवरून एचडीएमआय लांबवर नेणारा एक्स्टेंडरचा जोड घ्यावा, पण केबल शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल या कामी धोका देते, आणि मध्ये नेटवर्कचा स्विच लावू नये. दुसरा मार्ग ऑप्टिकल, म्हणजे काचतंतूतून प्रकाशाने सिग्नल नेणाऱ्या एचडीएमआय केबलचा आहे. तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेले टोक स्प्लिटरकडे आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेले टोक टीव्हीकडे. उलटी ओढली गेली तर काहीच दिसत नाही आणि पुन्हा सगळी पट्टी उघडावी लागते. कोणतीही केबल घेतली तरी ती विजेच्या तारांपासून वेगळ्या पट्टीतून न्यावी.

ऑप्टिकल केबल घेतली की विजांपासून पूर्ण संरक्षण मिळते असे अनेकांना वाटते, ते खरे नाही. अशा बहुतेक केबलींत मंद गतीच्या संकेतांसाठी व ५ व्होल्टसाठी तांब्याच्या काही तारा असतातच. आपल्याकडे मे-जूनमध्ये वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा पोर्ट जळण्याचा धोका त्या तारांतूनही राहतो. म्हणून उपासना संपली की टीव्ही नुसते रिमोटने बंद न करता त्यांचे प्लग काढावेत. टीव्ही, स्प्लिटर, लॅपटॉपचा चार्जर आणि ध्वनियंत्रणेचा मिक्सर हे सर्व एकाच फेजवर आणि एकाच चांगल्या अर्थिंगवर असावेत. अर्थिंगच्या खड्ड्यातील माती उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा तिला पाणी घालावे. वेगवेगळ्या अर्थिंगवर जोडलेल्या यंत्रांमध्ये एचडीएमआय केबल हाच दुवा बनतो आणि स्पीकरमधून घरघर ऐकू येते. ती घालवण्यासाठी कोणी प्लगची तिसरी पिन काढायला सांगितली तर ते मुळीच करू नये, त्यात जीवाला धोका आहे.

प्रोजेक्टर पत्र्याच्या छताजवळ असेल तर त्याचा फिल्टर उन्हाळ्याआधी साफ करावा. बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानापर्यंतच चालण्यासाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात छताखालची हवा त्याहून गरम असते.

उत्तर (बीड जिल्ह्यातील सदस्या, मंडळीत गीतांच्या पडद्याचे काम पाहणाऱ्या)

दादा, गायकवृंदासाठी चौथी केबल ओढण्याची गरज नाही. ओपनएलपीमध्ये रिमोटची सोय सुरू केली की त्याच वाय-फायवरील कोणत्याही टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये गायकांचे पान उघडते. पत्त्यात लॅपटॉपचा आयपी क्रमांक (नेटवर्कवरील त्याचा पत्ता), विसर्गासारखी दोन टिंबे, ४३१६ हा पोर्ट क्रमांक आणि तिरक्या रेघेनंतर ‘स्टेज’ हा शब्द इंग्रजीत लिहावा. त्यावर चालू कडवे आणि त्यापुढचे शब्द दिसतात. इंटरनेट लागत नाही, साधा राउटर पुरतो. मात्र राउटरही यूपीएसवर असावा, विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवावे आणि फायरवॉलने परवानगी विचारली की ती द्यावी. टॅबलेट झोपी जाऊ नये म्हणून त्याचा स्क्रीन बंद होण्याचा वेळ वाढवून ठेवावा.

अक्षरांच्या आकाराबद्दलही लिहिते, कारण आपण वृद्धांचा उल्लेख केला आहे. ४३ इंची टीव्हीच्या चित्राची उंची साधारण ५३ सेंटिमीटर असते. बारीक मजकूर वाचायचा तर पाहणारा चित्राच्या उंचीच्या सहा पटींहून दूर नसावा असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे, म्हणजे जेमतेम सव्वातीन मीटर. आपले शेवटचे बाक त्याहून नक्कीच लांब असणार. म्हणून एका वेळी चारच ओळी दाखवाव्यात, अक्षर मोठे घ्यावे आणि कडवे मोठे असेल तर दोन स्लाइडमध्ये विभागावे. शिरोरेषा व मात्रा दुरून स्पष्ट दिसाव्यात यासाठी नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता यांसारखा एकसारख्या जाडीचा युनिकोड (सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताचा) फॉन्ट घ्यावा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेली गीते दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची गर्दी दिसते, तेव्हा ती आधीच बदलून घ्यावीत. रिझोल्यूशन ७२० केल्यानंतर प्रत्येक गीत एकदा उघडून पाहावे, कारण ओळी जिथे तुटत होत्या ती जागा बदलू शकते आणि गाताना ओळ भलतीकडे तुटली की मंडळीचा श्वास चुकतो.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’ खरोखरच १०८० वर होता. तो ७२० केल्यावर डावीकडचे ठिपके गेले. टीव्हीच्या कडाही आता पूर्ण दिसतात. स्प्लिटर यूपीएसवर घेतला आहे, पण मुख्य बटण मुद्दाम बंद-सुरू करून पाहिले तर गीताचे शब्द कधी जागेवर राहतात, कधी पुन्हा लॅपटॉपवर येतात. एम्युलेटर मागवला आहे. तो बसवल्यावर ओपनएलपीमध्ये काही बदलावे लागेल का? आणि उपासनेच्या मध्येच असे झाले तर सर्वात लवकर काय करावे?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर येथील सदस्य)

कधी राहतात, कधी येतात, याचा अर्थ पडदा जोडलेला असल्याचे कळवणारी ती तार स्प्लिटर काही वेळा सोडतो आहे. एम्युलेटर आल्यावर ते थांबेल. तो बसवल्यावर विंडोजला नवा पडदा जोडल्यासारखे वाटेल, म्हणून एकदा विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे, रिझोल्यूशनचे दोन्ही आकडे पुन्हा तपासावेत, आणि मग ओपनएलपीच्या सेटिंगमधील ‘स्क्रीन्स’ या भागात दुसरा पडदा निवडून ते बंद करून पुन्हा सुरू करावे. एम्युलेटरमध्ये ४के (३८४० गुणिले २१६०) असलेली ओळख भरलेली असेल तर विंडोज स्वतःहून मोठे रिझोल्यूशन निवडेल, तेही ७२० वर आणावे. त्यानंतर तो जोड लॅपटॉपच्या पोर्टमधून काढू नये. लॅपटॉप वेगळा करायचा झाला तर केबल त्या जोडाच्या पुढच्या टोकाकडून काढावी.

उपासनेच्या मध्ये शब्द लॅपटॉपवर आले तर ओपनएलपी बंद करू नये. विंडोज आणि पी दाबून एकदा ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ आणि मग लगेच ‘एक्स्टेंड’ करावे. पुष्कळदा दृश्य परत जागेवर जाते. तेवढ्याने झाले नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबावीत. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर काळा होतो, पण उघडे असलेले काम बंद होत नाही. रविवारी सकाळी सुरू करताना आधी टीव्ही व प्रोजेक्टर, मग स्प्लिटर आणि शेवटी लॅपटॉप हा क्रम पाळावा, आणि मंडळी जमण्याआधी मुख्य बटण एकदा बंद-सुरू करून पाहावे. मात्र प्रोजेक्टर दिव्याचा असेल तर त्या चाचणीत त्याचा प्लग वेगळा ठेवावा, कारण गरम दिव्याची वीज एकदम तोडून लगेच परत देणे त्याच्या आयुष्याला बाधक असते.