तंजावर-कारैकुडी पाच दिवस: घर बांधण्याआधी काय बघून यावं?

कृष्णाकाठची, सांगली

गावभागातलं आमचं जुनं घर २०१९ च्या पुरानंतर राहण्यासारखं उरलं नाही. पाणी ओसरल्यावर माजघराच्या भिंती फुगलेल्या आणि फरशीखालची माती वाहून गेलेली. आता विश्रामबागेच्या बाजूला जागा घेतली आहे. मार्चमध्ये पाया घालायचा.

आत्तापर्यंत जे नकाशे बघितले, त्यात दार उघडलं की थेट हॉल, वर पीओपी, खाली चकचकीत टाइल. मला ओसरी हवी आहे. मधे लहानसा का होईना, चौक हवा आहे. कुणीतरी सांगितलं की तमिळनाडूत तंजावर आणि चेट्टिनाडची (कारैकुडीच्या आसपासच्या भागाची) घरं एकदा डोळ्यांनी बघून या. सासूबाई (वय ७४) बरोबर येणार. शिवाजीराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांचं तंजावर सासूबाईंना बघायचंच आहे. त्या कांदा-लसूण खात नाहीत.

पाच दिवस पुरतील का? तिकडच्या अथंगुडीच्या, हाताने केलेल्या रंगीत सिमेंटच्या फरशा आपल्याकडे टिकतात का? ज्यांनी बसवल्यात त्यांनी खरं काय ते सांगा.

माजघर, सातारा

ताई, आधी महिना ठरवा. आपला पाऊस परतला की त्यांचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू, तिथून संध्याकाळची गाडी पहाटे तंजावरला पोचवते. दोन रात्री सलग सासूबाईंना जड जातील, मधल्या दिवशी बेंगळुरूला पाठ टेकायला खोली घ्याच.

बृहदीश्वराला उजाडताच जा. गाभारा दुपारी बंद असतो, आणि ऊन चढलं की अनवाणी पायांना दगड सोसत नाही. राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं देऊळ, सगळं ग्रॅनाइटचं, शिखर दोनशे फुटांच्या वर. पण सासूबाईंना प्राकाराच्या नैऋत्य कोपऱ्याकडची भिंत आठवणीने दाखवा. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास तिथे मराठीत कोरून घेतला आहे, अक्षर देवनागरी. माझी आई पाऊण तास त्या भिंतीपुढून हलली नाही. एकेक शब्द लावत होती. शिवाजीराजांचं नाव सापडलं तेव्हा तिने चष्मा काढून पदराने डोळे पुसले.

आता फरशी. मी साताऱ्याच्या घरात ओसरी आणि देवघराला अथंगुडी बसवली, त्याला चार वर्षं झाली. अथंगुडी हे कारैकुडीजवळचं गाव. तंजावरहून पुदुकोट्टैमार्गे दोन-अडीच तास. तिथे कारागिराशेजारी बसून बघा. आधी काचेचा चौकोनी तुकडा पुसून ठेवतात. त्यावर पत्र्याच्या पट्ट्यांचा नक्षीचा साचा. साच्याच्या प्रत्येक कप्प्यात पळीने रंगीत सिमेंटचं पातळ कालवण सोडतात, एकात लाल, एकात पिवळं, एकात हिरवं. मग साचा अलगद वर उचलतात. मी श्वास धरून बघत होते, रंग जागचे हलत नाहीत! वरून सुकी वाळू-सिमेंट भुरभुरवतात, मग ओला माल भरून थापीने दाबतात. वाळली की काही दिवस पाण्याच्या टाकीत. शेवटी काच आपोआप सुटते आणि तिचा गुळगुळीतपणा फरशीला येतो. भट्टी नाही, पॉलिश नाही.

म्हणूनच बसवल्यावर मशीनने घासू देऊ नका, रंगाचा थर पातळ असतो. आमच्या गवंड्याला तीनदा सांगावं लागलं. अ‍ॅसिड, चिंच, लिंबू सांडलं की सिमेंट खातं, त्यामुळे स्वयंपाकघरात मी कोटा घातला. पुसायच्या पाण्यात अधूनमधून खोबरेल तेलाचे चार थेंब. जसजसे पाय फिरतात तसतशी ती उजळत जाते. मागवताना थोड्या जास्त मागवा. आमच्या ट्रकमध्ये पेंढा नीट भरला नव्हता, चौदा फरशा कोपऱ्यात फुटून आल्या, आणि तोच रंग दुसऱ्या खेपेला जुळला नाही.

पुराचं पाणी जिथे येऊ शकतं तिथे मात्र नको. सिमेंटची फरशी गढूळ पाणी पिते, तो डाग जात नाही. तळाला शहाबादी घाला, अथंगुडी जोत्याच्या वर.

आणि मोजायची टेप न्या. कारैकुडीच्या आसपासच्या गावांत जुने वाडे या रस्त्यापासून मागच्या रस्त्यापर्यंत जातात, काही पैसे घेऊन दाखवतात. खांब ब्रह्मदेशच्या सागवानाचे. भिंतीला हात लावून बघा, शिंपल्यांचा चुना आणि अंड्याचा पांढरा बलक घालून घोटलेला गिलावा, आपल्या घाणीच्या चुन्याचा सख्खा भाऊ. दाराबाहेरच्या ओट्याला ते तिण्णै म्हणतात. मी मोजला तो सोळा इंच उंच होता, बसल्यावर पाय जमिनीला नीट टेकतात. कडेला डोकं टेकायला गिलाव्याचीच उतरती उशी केलेली. ती मी घरी तशीच्या तशी करून घेतली. दुपारी पोस्टमन आला तरी तिथे टेकतो.

तंबोरा, मिरज

काकूंना गाण्याची आवड असेल तर तंजावरात वीणा घडवणाऱ्यांकडे नक्की जा. आमच्या गल्लीत सतारीला भोपळा आणि तुणीचं लाकूड, त्यांच्याकडे वीणेला फणस. एकांड वीणा म्हणजे भांडं, दांडी, सगळं एकाच ओंडक्यातून कोरलेलं. मी सतारीच्या कामात वाढलो, तरी तो ओंडका आतून पोखरताना बघून अर्धा दिवस तिथेच गेला.

तिरुवैयारू तिथून तेरा किलोमीटर. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला आराधना असते, शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच 'पंचरत्न' रचना गातात. तारीख जुळवता आली तर जुळवा. गर्दी असते, काकूंसाठी लवकर जागा धरा.

नाट्यवेडा, सांगली

तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय सोडू नका. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक केलं, तिथून मराठी रंगभूमी मोजायची, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे, राज्य १६८४ ते १७१२, यांनी तंजावरात मराठी नाटकं लिहिली होती. त्यांची हस्तलिखितं याच ग्रंथालयात जपली आहेत. भाव्यांचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. पण आपल्या गावच्या माणसाने ती इमारत बघून यावी असं मला मनापासून वाटतं. मोडी कागदही आहेत.

माजघर, सातारा

जेवणाचं राहिलंच. कांदा-लसणाचं काउंटरवर आधी विचारा, पण केळीच्या पानावरचं रोजचं जेवण काकूंना चालण्यासारखं मिळतं. कडप्पा म्हणजे तिकडे ओट्याचा काळा दगड नव्हे, मुगाच्या डाळीचं बटाटा घातलेलं पातळ कालवण, इडलीबरोबर. त्यात कांदा-लसूण असतो, ते तुम्ही खा. त्यांच्यासाठी तिरुवैयारूचा अशोका हलवा, मुगाच्या डाळीचा, तुपाने बोटं माखतात. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं ही गोष्ट तिथे प्रत्येक जण सांगेल. पुरावा कुणी दाखवत नाही, पण सांगतात मोठ्या प्रेमाने. डांगर पचडी दिसली तर घ्या. उडदाचं डांगर दह्यात कालवलेलं, नावही आपलंच.

कृष्णाकाठची, सांगली

माजघरताई, सगळं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या भिंतीचं ऐकल्यावर त्यांनी कपाटातून जाड भिंगाचा चष्मा काढून ठेवला आहे. जानेवारीची तिकिटं काढतोय, पंचमी बघून. दोन दिवस तंजावर, एक तिरुवैयारू, दोन कारैकुडी.

आर्किटेक्टला आज फोन केला. जोतं तीन फूट, ओसरीला अथंगुडी, आत शहाबादी. ओट्याची उंची सोळा इंच लिहून घ्या म्हटलं. ओट्याच्या त्या उशीचा उतार किती होता, मोजला असेल तर तेवढं सांगाल का?